महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आर्थिक उत्तरदायित्व

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आर्थिक उत्तरदायित्व म्हणजे या महामंडळाने (प्रचलित संक्षेप : एमआयडीसी) जमा केलेल्या आणि खर्च केलेल्या पैशाचा हिशेब राज्य शासन, लेखापरीक्षक, विधिमंडळ व नागरिक यांना देण्याची कायदेशीर व्यवस्था होय. महामंडळ महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागाच्या अखत्यारीत येते आणि राज्याच्या औद्योगिक विकासाचे ते प्रमुख साधन आहे. त्याचे उत्पन्न मुख्यतः भूखंडांचे अधिमूल्य, पाणीपट्टी व सेवा शुल्क यांतून येते आणि ते महामंडळाच्या स्वतंत्र निधीत जमा होते. शासकीय विभागाचा खर्च अनुदानाच्या मागणीच्या रूपाने विधानसभेपुढे मतदानासाठी येतो. महामंडळाच्या स्वनिधीतील खर्च तसा येत नाही. खर्चापूर्वीचे विधिमंडळाचे नियंत्रण असे मर्यादित असल्यामुळे खर्चानंतरच्या लेखापरीक्षणाला आणि त्यावरील अनुवर्ती कारवाईला या व्यवस्थेत विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वाळूज औद्योगिक क्षेत्र आणि त्यातील बजाजनगर ही कामगारवस्ती या व्यवस्थेचे स्वरूप समजून घेण्यासाठी उपयुक्त उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

सार्वजनिक पैशाचा हिशेब लोकप्रतिनिधींपुढे मांडण्याची आधुनिक पद्धत ब्रिटिश संसदेत आकाराला आली. तेथे १८६१ मध्ये लोकलेखा समिती स्थापन झाली. भारतात केंद्रीय पातळीवरील लोकलेखा समिती माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ अन्वये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) या पदाला घटनात्मक स्थान मिळाले. अनुच्छेद १५१ (२) नुसार राज्याच्या लेख्यांविषयीचे महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांना सादर होतात आणि राज्यपाल ते विधिमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर उद्योगांचे केंद्रीकरण मुंबई-ठाणे परिसरातून राज्याच्या इतर भागांकडे वळवावे, असे धोरण ठरले. त्यासाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ करण्यात आला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळाची स्थापना झाली. शासनाने औद्योगिक क्षेत्र घोषित करावे, जमीन संपादित करावी, महामंडळाने तेथे रस्ते, पाणी, वीज व जलनिःसारण यांची सोय करून भूखंड पाडावेत आणि ते उद्योजकांना भाडेपट्ट्याने द्यावेत, अशी ही रचना आहे. जमिनीचे सक्तीचे संपादन अधिनियमाच्या कलम ३२ खाली होते. एका बाजूला शेतकऱ्याची जमीन सार्वजनिक हेतूसाठी घेणे आणि दुसऱ्या बाजूला तीच जमीन खासगी उद्योगाला देणे, असे दुहेरी स्वरूप या व्यवहारास असल्यामुळे त्यातील प्रत्येक रुपयाचा हिशेब हा केवळ लेखाविषयक प्रश्न राहत नाही.

निधीचे स्वरूप

महामंडळाचे भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. पट्टेदार वाटपाच्या वेळी एकरकमी अधिमूल्य भरतो. वार्षिक भाडे नाममात्र असते. त्यानंतर महामंडळाला पुढील बाबींपासून उत्पन्न मिळते :

पाणीपट्टी : औद्योगिक व निवासी ग्राहकांना पुरविलेल्या पाण्याचे शुल्क.
सेवा शुल्क : रस्ते, पथदिवे, जलनिःसारण इत्यादी सामायिक सुविधांसाठीची आकारणी.
हस्तांतरण शुल्क : भूखंडाचा पट्टा एका व्यक्तीकडून वा संस्थेकडून दुसरीकडे जाताना आकारली जाणारी रक्कम.
मुदतवाढ शुल्क : ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण न केल्यास मुदत वाढवून देण्यासाठीची रक्कम.
पोटभाडे शुल्क : पट्टेदाराने भूखंडाचा वा इमारतीचा भाग दुसऱ्यास वापरण्यास दिल्यास होणारी आकारणी.

महामंडळ प्रचलित दराच्या आधारे भूखंड देते. पण जमिनीचा बाजारभाव व महामंडळाचा दर यांत अंतर पडले की भूखंड ही उत्पादनाची जागा न राहता नफ्याची वस्तू होण्याचा धोका असतो. मुदतवाढ व हस्तांतरण शुल्कांचा उद्देश केवळ उत्पन्न मिळविणे हा नसून भूखंड रिकामा ठेवून पुढे विकण्याच्या प्रवृत्तीस आळा घालणे हाही आहे. म्हणून अशी शुल्के वेळेवर व योग्य दराने वसूल होतात की नाही, यावर लेखापरीक्षक विशेष लक्ष देतात.

उद्योगांना मिळणारी शासकीय प्रोत्साहने या निधीपासून वेगळी आहेत. १९६४ पासून राबविण्यात येणाऱ्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखालील अनुदाने राज्याच्या अर्थसंकल्पातून दिली जातात. त्यांचे प्रशासन उद्योग संचालनालय आणि जिल्हा उद्योग केंद्रे यांच्यामार्फत चालते. ही तरतूद उद्योग विभागाच्या मागण्यांत समाविष्ट होऊन विधानसभेच्या मतदानास येते आणि तिच्यावर लोकलेखा समितीची देखरेख असते. एकाच कारखान्याला महामंडळाकडून भूखंड व संचालनालयाकडून प्रोत्साहन मिळत असले, तरी दोहोंचे हिशेब दोन वेगळ्या वाटांनी विधिमंडळापर्यंत जातात.

देखरेखीचे टप्पे

अंतर्गत नियंत्रण

पहिला टप्पा महामंडळाच्या कार्यालयांतच असतो. भूखंडवाटपाचे प्रस्ताव प्रादेशिक कार्यालयात तयार होतात. रस्ते, जलवाहिन्या व इमारतींची कामे अभियांत्रिकी शाखा करते. देयके लेखा शाखेकडून तपासली जातात. बांधकामाच्या बाबतीत अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका ही कागदपत्रांची साखळी महत्त्वाची असते. मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले काम आणि प्रत्यक्ष झालेले काम जुळले नाही, तर पुढचे सर्व हिशेब कागदावर बिनचूक असूनही निरर्थक ठरतात.

शासनाचे नियंत्रण

उद्योगमंत्री महामंडळाचे अध्यक्षपद भूषवितात. महामंडळाने पुढील वर्षाचे वित्तीय विवरणपत्र व कामांचा कार्यक्रम शासनाकडे मान्यतेसाठी पाठविणे अधिनियमान्वये आवश्यक आहे. धोरणविषयक बाबतींत शासन महामंडळास निदेश देऊ शकते. यामुळे निर्णय घेणारी संस्था आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा विभाग या दोहोंच्या शिरोभागी एकच मंत्री असतो. शासनाबाहेरच्या, स्वतंत्र लेखापरीक्षणाची गरज या रचनेतून अधिक ठळक होते.

लेखापरीक्षण

महाराष्ट्रातील वैधानिक महामंडळांच्या लेखापरीक्षणाच्या दोन पद्धती आहेत. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ व महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळ यांचे लेखापरीक्षण प्रथम सनदी लेखापाल करतात आणि त्यानंतर महालेखापरीक्षक पूरक लेखापरीक्षण करतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ व राज्य मार्ग परिवहन महामंडळ यांचे मात्र महालेखापरीक्षक हेच एकमेव लेखापरीक्षक आहेत. महालेखापरीक्षकांची कर्तव्ये, अधिकार व सेवाशर्ती अधिनियम, १९७१ याच्या कलम १९ मध्ये राज्य कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळांच्या लेखापरीक्षणाची, तर कलम १९-अ मध्ये असे अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद आहे.

लेखापरीक्षण तीन प्रकारचे असते. वित्तीय लेखापरीक्षणात वार्षिक लेखे संस्थेची खरी व वाजवी स्थिती दाखवितात का, हे पाहिले जाते. अनुपालन लेखापरीक्षणात कायदा, नियम व शासन निर्णय पाळले गेले का, हे तपासले जाते. कामगिरी लेखापरीक्षणात काटकसर, कार्यक्षमता व परिणामकारकता या तीन कसोट्या लावल्या जातात. नियमानुसार बांधलेला पण वापरात न आलेला रस्ता पहिल्या दोन तपासण्यांतून पार पडू शकतो. तिसरीत तो अडतो.

तपासणीच्या वेळी लेखापरीक्षक आपली शंका लेखी टिपणीने संबंधित कार्यालयाला कळवितात. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ती निरीक्षण अहवालात येते. महत्त्वाच्या बाबींचा मसुदा परिच्छेद तयार करून विभागाच्या सचिवांकडे पाठविला जातो आणि त्यांच्या उत्तराचा विचार करून तो अंतिम अहवालात समाविष्ट होतो. लेखापरीक्षा अहवालातील परिच्छेद हा अशा प्रकारे एकतर्फी आरोप नसतो; संस्थेचे म्हणणे त्यात नोंदलेले असते.

विधिमंडळाची समिती

अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवल्यानंतर महामंडळांविषयीचा भाग विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातो. समिती विभागाचे स्पष्टीकरणात्मक ज्ञापन मागविते, निवडक परिच्छेदांवर विभागीय सचिव व महामंडळाचे अधिकारी यांची साक्ष घेते, प्रसंगी स्थळास भेट देते आणि शिफारशींसह आपला अहवाल सभागृहाला सादर करते. त्या शिफारशींवर काय केले, हे विभागाने कार्यवाही अहवालाद्वारे कळवावयाचे असते. अधिवेशनकाळात आमदार तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना व अर्धा तास चर्चा या आयुधांद्वारेही माहिती मागू शकतात.

लेखापरीक्षणात येणारे प्रमुख मुद्दे

महामंडळाच्या कामकाजात लेखापरीक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील असणाऱ्या जागा त्याच्या उत्पन्नाच्या स्वरूपातूनच निर्माण होतात. भूखंडाचा दर निश्चित करताना विकासखर्च व बाजारस्थिती विचारात घेतली का, दरवाढीच्या निर्णयाची अंमलबजावणी ठरल्या दिवसापासून झाली का, स्पर्धात्मक पद्धतीऐवजी थेट वाटप केले असल्यास त्याचे कारण नोंदले आहे का, भूखंडाचा वापर औद्योगिकऐवजी वाणिज्यिक झाल्यावर दरातील फरक वसूल केला का, मुदत संपूनही बांधकाम न झालेले भूखंड परत घेतले का आणि पाणीपट्टीची थकबाकी किती काळापासून आहे, हे प्रश्न त्यांत प्रमुख आहेत.

जमीन संपादनातून वगळण्याचे निर्णय हा आणखी एक संवेदनशील भाग आहे. औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झालेल्या जमिनीवरील निर्बंध उठल्यास तिची किंमत बदलते. त्यामुळे अधिसूचना काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती मागे घेणेही महत्त्वाचे ठरते. २०१७ मध्ये अशा वगळलेल्या जमिनींवरून विधिमंडळात आरोप झाले आणि शासनाने निवृत्त सनदी अधिकारी के. पी. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. जमीन वगळण्याच्या निर्णयात महामंडळाच्या लेख्यांमध्ये एक रुपयाचाही खर्च दिसत नाही. तरीही सार्वजनिक हिताचे नुकसान वा लाभ मोठा असू शकतो. केवळ जमाखर्च तपासणारे लेखापरीक्षण अशा प्रकरणी अपुरे पडते आणि निर्णयप्रक्रियेची कागदपत्रे तपासावी लागतात.

वाळूज व बजाजनगर

मराठवाड्यातील औद्योगिकीकरणात छत्रपती संभाजीनगर परिसरातील रेल्वे स्थानक, चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा ही महामंडळाची औद्योगिक क्षेत्रे महत्त्वाची आहेत. वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्‌घाटन ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्यानंतर वाहनांच्या सुट्या भागांचे अनेक लहानमोठे कारखाने या परिसरात आले आणि मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून कामगार येथे स्थायिक झाले. बजाजनगर ही त्यांची प्रमुख वस्ती होय. नावातूनच तिचे कारखान्याशी असलेले नाते दिसते.

बजाजनगरात आर्थिक उत्तरदायित्वाच्या दोन व्यवस्था एकाच ठिकाणी दिसतात. वस्तीतील निवासी भूखंड महामंडळाने विकसित केलेले आहेत. घरमालक हा कायद्याच्या दृष्टीने पट्टेदार किंवा पट्टेदार गृहनिर्माण संस्थेचा सभासद असतो आणि घराच्या हस्तांतरणासाठी त्याला महामंडळाची परवानगी व शुल्क यांची पूर्तता करावी लागते. औद्योगिक क्षेत्राला लागणारे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून येते. दुसरीकडे हा भाग वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीशी जोडलेला आहे आणि ग्रामपंचायत ही येथील निवडून आलेली स्थानिक संस्था आहे.

ग्रामपंचायतीच्या हिशेबाची वाट आखूड आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वित्तीय वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. वार्षिक लेखे व लेखापरीक्षा टिपण्या ग्रामसभेपुढे मांडल्या जातात. मतदार तेथे उभा राहून प्रश्न विचारू शकतो. महामंडळाच्या हिशेबाची वाट याहून लांब आहे : स्थानिक कार्यालयातून प्रादेशिक कार्यालय, तेथून मुंबईतील मुख्यालय, महालेखापरीक्षक, विधिमंडळ आणि अखेर समिती. बजाजनगरातील रहिवासी महामंडळाला पैसे देतो. परंतु महामंडळाच्या संचालक मंडळावर त्याने निवडून दिलेला प्रतिनिधी नसतो. गटाराची वाहिनी तुंबली वा रस्ता खचला, तर दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अशा दुहेरी अधिकारक्षेत्रात स्वाभाविकपणे उद्भवतो आणि त्याचे उत्तर ठरेपर्यंत खर्चाचे उत्तरदायित्वही निश्चित होत नाही.

औद्योगिक क्षेत्रातील करआकारणी हाही दोन व्यवस्थांना जोडणारा विषय आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये कारखान्यांनी करांऐवजी ठोक रक्कम अंशदान म्हणून देण्याची सोय आहे. ही रक्कम किती असावी, यावर ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून राहतो. कारखान्यांमुळे वाढलेल्या लोकसंख्येचा भार ग्रामपंचायतीवर पडतो. त्या मानाने कारखान्यांकडून मिळणारे उत्पन्न पुरेसे आहे का, हा राज्यातील अनेक औद्योगिक गावांपुढील समान प्रश्न आहे.

ऑरिक : कंपनीच्या स्वरूपातील विकास

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर प्रकल्पाखाली शेंद्रा व बिडकीन येथे सुमारे १०,००० एकरांवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर विकसित होत आहे. तेथील ऑरिक हॉलचे उद्‌घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. हा प्रकल्प महामंडळाने थेट न राबविता त्यासाठी स्थापन केलेली विशेष कंपनी राबविते. तिच्यात महामंडळाचा हिस्सा ५१ टक्के असून उर्वरित ४९ टक्के हिस्सा औद्योगिक कॉरिडॉरसाठीच्या केंद्रीय न्यासाचा आहे. औरंगाबाद इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड हे तिचे मूळ नाव पुढे बदलून महाराष्ट्र इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड असे करण्यात आले.

कंपनीचे स्वरूप घेतल्याने लेखापरीक्षणाची पद्धत बदलते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३९ (५) नुसार शासनाच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील कंपनीचा लेखापरीक्षक महालेखापरीक्षक नेमतात आणि कलम १४३ नुसार ते पूरक लेखापरीक्षण करू शकतात. वाळूज येथील भूखंडाचा हिशेब थेट महालेखापरीक्षकांकडे जातो. ऑरिकमधील भूखंडाचा हिशेब प्रथम सनदी लेखापालांकडे जातो. एकाच जिल्ह्यातील दोन औद्योगिक क्षेत्रांत असा फरक आहे.

नागरिकांना उपलब्ध साधने

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ महामंडळास लागू आहे. कलम ४ नुसार अंदाजपत्रक, खर्च, सवलती मिळालेल्यांचा तपशील अशी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. अर्जावर सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर न मिळाल्यास वा ते असमाधानकारक असल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यावरील निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे एक खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. या अधिनियमातील ‘माहिती’च्या अधिकारात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश होतो. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका व प्रत्यक्ष रस्ता यांची तुलना त्यामुळे सामान्य नागरिकालाही करता येते.

गैरप्रशासनाची तक्रार महाराष्ट्र लोकायुक्त व उप-लोकायुक्त अधिनियम, १९७१ अन्वये स्थापन झालेल्या यंत्रणेकडे, तर लाच मागितल्याची तक्रार राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ मराठवाड्यातील नागरिकांना न्यायालयीन दाद मागण्यासाठी उपलब्ध आहे. महालेखापरीक्षकांचे विधिमंडळापुढे ठेवलेले अहवाल सार्वजनिक दस्तऐवज असून ते संकेतस्थळावर वाचता येतात.

मर्यादा

लेखापरीक्षण ही व्यवस्था दोष दाखविते. दंड करीत नाही. महालेखापरीक्षकांना रक्कम वसूल करण्याचा वा अधिकाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार नाही. सार्वजनिक उपक्रम समितीच्या शिफारशीही शासनास सल्ल्याच्या स्वरूपात असतात. वसुली, विभागीय चौकशी वा नियमांत बदल या गोष्टी अखेर त्याच विभागाला व महामंडळाला कराव्या लागतात, ज्यांच्या कामावर आक्षेप घेतलेला असतो.

दुसरी मर्यादा काळाची आहे. तपासणी, उत्तरे, अहवालाचे सादरीकरण व समितीची साक्ष या टप्प्यांत वर्षे जातात. तोपर्यंत संबंधित अधिकारी बदललेले वा निवृत्त झालेले असतात आणि भूखंडाचे पुन्हा हस्तांतरणही झालेले असू शकते. तिसरी मर्यादा नमुन्याची आहे : लेखापरीक्षक सर्व व्यवहार न तपासता निवडक व्यवहार तपासतात आणि समितीही सर्व परिच्छेदांवर साक्ष घेऊ शकत नाही. त्यामुळे एखाद्या औद्योगिक क्षेत्राचा अहवालात उल्लेख नसणे हे तेथील व्यवहार निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र ठरत नाही. तसेच उल्लेख असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे.

प्रादेशिक समतोलाशी संबंध

संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. मंडळांच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, अशी अटही त्यात आहे. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. महामंडळाचा हिशेब संस्थानिहाय असतो, तर विकास मंडळांच्या अहवालाचा विषय प्रदेशनिहाय असे. मराठवाड्यातून संपादित झालेली जमीन, तेथून मिळालेले अधिमूल्य आणि त्याच प्रदेशात झालेला खर्च यांची एकत्र मांडणी झाली, तर बजाजनगरातील पट्टेदाराला व बिडकीनमधील जमीन दिलेल्या शेतकऱ्याला आपल्या वाट्याचा हिशेब समजणे सुलभ होते. प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात विकासाचा अनुशेष क्षेत्रनिहाय मोजण्याची पद्धत वापरली होती. सार्वजनिक पैसा किती खर्च झाला, याबरोबरच तो कोठे खर्च झाला, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत त्या अहवालानंतर कायमचा रुजला.

हेही पाहा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक
महाराष्ट्र विधानमंडळ
वाळूज
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५
मराठवाडा